कुत्र्यासह भाड्याचं घर: उंब्रज परिसरात ते कसं शोधावं

तासवडे एमआयडीसीत नोकरी लागते, जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली होते, बँकेच्या शाखेत रुजू व्हायचं असतं, आणि माणूस उंब्रजला खोली बघायला येतो. कराड तालुक्यातलं, पुणे-बंगळूर महामार्गावरचं हे गाव. एसटी, वडाप, बाजारपेठ, शाळा, दवाखाने, सगळं हाताशी. नवरा-बायको आणि एखादं मूल असेल तर घर लवकर मिळतं. सोबत कुत्रं आहे म्हटलं की त्याच घराचं, त्याच मालकाचं उत्तर बदलतं.

हा नकार कुठून येतो ते आधी समजून घेऊ. पुण्यात भाड्याचा फ्लॅट घेतला तर मालक बहुधा दुसरीकडे राहतो. उंब्रजला भाड्याची घरं बहुतेक मालकाच्याच घराचा भाग असतात. खाली मालक, वर भाडेकरू; किंवा पुढे मालक आणि मागच्या दोन खोल्या भाड्याने. अंगण एक, जिना एक, पाण्याची टाकी एक, कधीकधी कपडे धुवायची फरशीही एकच. त्यामुळे मालकाच्या दृष्टीने आपलं कुत्रं त्याच्याच अंगणात राहायला येणार असतं. त्या घरातल्या आजींपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना ते रोज दिसणार, ऐकू येणार.

म्हणून इथे दोन गोष्टी धरून चालावं. कुत्रं आहे हे पहिल्याच बोलण्यात सांगायचं. आणि जे ठरेल ते कागदावर आणायचं. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या आधाराने होतं.

शोधाची सुरुवात घरापासून न करता कुत्र्यापासून करावी. घर बघायला निघण्याआधी महिनाभर तरी त्याची कागदपत्रं आणि सवयी नीट करून घ्याव्यात. मालकाला पटवताना हेच उपयोगी पडतं, आणि ऐन वेळी ते करता येत नाही.

पहिली गोष्ट लसीकरणाचं कार्ड. रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, त्याची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचा डोस आणि त्यानंतर दर वर्षी एक. डिस्टेंपर, पार्व्हो यांसारख्या रोगांची एकत्र लस वेगळी असते. जंताचं औषध ठरावीक काळाने द्यायचं असतं. या सगळ्याच्या तारखा, डॉक्टरांची सही आणि शिक्का कार्डावर हवा. पुष्कळ लोक लस देतात आणि कार्ड हरवून बसतात. मग मालकाला दाखवायला काहीच उरत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा कराडच्या खासगी डॉक्टरांकडे जाऊन नवं कार्ड करून घ्यावं. मोठं काही दुखणं असेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेही आपल्याच जिल्ह्यात.

दुसरी गोष्ट नसबंदी, म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणून करायची शस्त्रक्रिया. मादी माजावर आली की गल्लीतली आठ-दहा कुत्री दारात जमतात आणि रात्रभर गोंधळ घालतात. भाड्याच्या घरात ही वेळ एकदा आली की मालकाचा धीर सुटतो. नर असेल तर तो पळून जायला बघतो, कोपऱ्याकोपऱ्यावर लघवी करतो. डॉक्टरांना विचारून हे काम नव्या घरात जाण्याआधीच उरकावं.

तिसरी गोष्ट एकटं राहण्याची सवय. आपण दिवसभर कामावर, कुत्रं खोलीत, आणि ते सकाळपासून भुंकतंय किंवा दार ओरबाडतंय, ही भाड्याच्या घरातली नेहमीची तक्रार. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तासभर, अशी सवय लावत न्यावी. जाताना लाडाने निरोप घेऊ नये, आल्यावरही लगेच उचलून घेऊ नये. सकाळी चांगलं फिरवून आणलेलं कुत्रं दुपारी झोपतं. न फिरवलेलं भुंकतं. यापेक्षा मोठं गुपित त्यात नाही.

आता घर कुठे बघायचं. उंब्रजच्या जुन्या गावठाणात घरं एकमेकांना चिकटून आहेत, भिंतीला भिंत. भाडं कमी असतं, माणसांचा सहवास असतो, पण एका घरात भुंकलेलं चार घरांत ऐकू जातं आणि गल्लीत मोकाट कुत्र्यांची टोळी ठरलेली असते. लहान, शांत कुत्रं असेल तरच तिकडे बघावं.

महामार्गाच्या बाजूला नव्या इमारती झाल्या आहेत. गाळे खाली, खोल्या वर. तिथे मालक कमी लक्ष घालतो, त्यामुळे होकार लवकर मिळतो. धोका रस्त्याचा. दार उघडं राहिलं आणि कुत्रं सेवा रस्त्यावर गेलं तर पुढे महामार्गच आहे. अशा घराला जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार आहे का, ते आधी बघावं. नसेल तर आपल्या खर्चाने बसवू द्याल का, असं मालकाला विचारावं.

कुत्रं पाळणाऱ्याला सगळ्यांत मोहात पाडतं ते गावाबाहेरचं, मळ्यातलं घर. शिवडे, चरेगाव, इंदोली, मसूरच्या वाटेला अशी घरं मिळतात. मोठं अंगण, कुंपण, शेजारी लांब. मालक स्वतःच म्हणतो, राखणीला कुत्रं बरंच आहे. इथे मात्र एक गोष्ट गंभीरपणे विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे बिबट्या.

कराड आणि पाटण तालुक्यांत बिबट्या आता फक्त डोंगरात राहिलेला नाही, तो उसात राहतो. उसात त्याला लपायला जागा मिळते, पाणी मिळतं, आणि वस्तीवरची कुत्री हे त्याचं सोपं भक्ष्य असतं. गळीत हंगामात तोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो आणि तो या फडातून त्या फडात सरकत राहतो. उसाला लागून घर असेल तर शेजारच्या दोन-तीन वस्त्यांवर जाऊन सरळ विचारावं, गेल्या दोन वर्षांत कुणाचं कुत्रं, शेळी, कालवड गेली का? लोक खरं सांगतात.

असं घर घ्यायचंच असेल तर अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत कुत्रं घरात, बंद दाराआड ठेवावं. साखळीने अंगणात बांधलेलं कुत्रं सगळ्यांत असहाय, त्याला पळताही येत नाही. 'राखणीला बाहेर बांधा' ही मालकाची अट असेल तर ते घर सोडून द्यावं. अंगणात दिवा हवा, उष्टं-खरकटं उघड्यावर नको. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

नदीकडच्या घरांचंही बघावं लागतं. तारळी उंब्रजजवळ कृष्णेला मिळते. २०१९ आणि २०२१ सालच्या पुरांनी कृष्णाकाठाला काय दाखवलं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. खालच्या अंगाला घर असेल तर पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजाऱ्यांकडून पाहून घ्यावं, आणि अशा वेळी कुत्र्याला घेऊन कुठे जाता येईल ते आधीच ठरवावं. निवाऱ्याच्या शाळेत जनावराला जागा मिळेलच असं नसतं.

उंब्रजला जमलं नाही तर कराडच्या बाजूला मलकापूर, आगाशिवनगर, विद्यानगर इथे फ्लॅट मिळतात. विद्यार्थी आणि दवाखान्यांत काम करणारे लोक तिथे पुष्कळ राहतात, त्यामुळे भाडेकरूंची सवय आहे. पण तिथे मालकाबरोबर सोसायटीही येते. त्याबद्दल पुढे सांगतो.

घराची जागा ठरली की रचना बघायची. तळमजला आणि स्वतंत्र दार असेल तर निम्मे वाद आधीच मिटतात. सामाईक जिना असेल तर त्या जिन्यावर रोज सकाळी दूधवाला, शाळेची मुलं आणि आपलं कुत्रं एकाच वेळी येणार हे डोळ्यांसमोर आणावं. पत्र्याची खोली एप्रिल-मे महिन्यांत दुपारी भट्टीसारखी तापते. आपण कामावर असताना कुत्रं तिथे कोंडून ठेवता येणार नाही. गच्चीला कठडा किती उंच आहे, खिडकीला जाळी आहे का, फरशी धुतल्यावर पाणी कुठे जातं, हे बघावं. सामाईक संडास किंवा पाणी भरायची एकच जागा असलेल्या घरात कुत्र्यामुळे भांडण हटकून होतं. भाडं कितीही कमी असलं तरी ते टाळावं.

घर ज्या वेळेला बघाल त्या वेळेपुरतंच दिसतं. म्हणून पसंत पडलेलं घर एकदा रात्री नऊनंतर बघावं. मोकाट कुत्री कुठे बसतात, किती आहेत, आपण चालत गेलो तर अंगावर येतात का, ते तेव्हाच कळतं. आपलं कुत्रं नवखं असणार, ती आपली हद्द राखणार. दाराबाहेर पडताच रोज मारामारी होणार असेल तर फिरवायचं कसं?

आता घर शोधतात कसं. उंब्रजला जाहिरातींपेक्षा माणसांकडून घर मिळतं. किराणा दुकानदार, मेडिकलवाले, पेपर टाकणारे, दूध घालणारे, यांना कुठल्या गल्लीत खोली रिकामी झाली ते आधी कळतं. त्यातही दूधवाल्याला विचारावं. कुठल्या घरी आधीच कुत्रं आहे, कुठे माणसं जनावराची आहेत, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आणि परिचर यांनाही सांगून ठेवावं. त्यांच्याकडे जनावर घेऊन येणारी माणसं म्हणजे आपल्याला हवे असलेले घरमालकच. एजंट मलकापूर-विद्यानगरकडे भेटतात. ते साधारण एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागतात. त्यांना 'कुत्रं आहे' हे सांगितल्याशिवाय एकही घर बघायला जाऊ नये, नाहीतर वेळ दोघांचाही जातो.

पहिला फोन कसा करायचा ते थोडं सविस्तर बघू, कारण निम्मी घरं इथेच हातची जातात. लोक आधी घर, भाडं, पाणी सगळं बोलून घेतात आणि शेवटी हळूच म्हणतात, 'आणि हो, आमच्याकडे एक कुत्रं आहे.' समोरच्याला वाटतं, हे लपवत होते. त्याऐवजी असं बोलावं:

"नमस्कार काका, खोली भाड्याने आहे असं दुकानात कळलं. आम्ही दोघं नवरा-बायको, मी तासवड्याला कामाला आहे. आमच्याकडे एक कुत्री आहे, तीन वर्षांची. सगळ्या लसी झाल्यात, ऑपरेशन झालंय. तुमच्या घरी चालणार असेल तर बघायला येतो."

पलीकडून बहुधा येतं, "कुत्रं नको बा. घाण कोण काढणार?" किंवा "आमच्यात सोवळं असतंय." इथे वाद घालू नये. घाणीचा प्रश्न असेल तर सांगावं, सकाळ-संध्याकाळ बाहेर नेतो, पिशवीत उचलतो, अंगण आम्हीच धुतो. सोवळ्याचा प्रश्न असेल तर विचारावं, देवघर कुठल्या बाजूला आहे? तुळशीकडे ती फिरकणार नाही अशी सोय होईल का? सोय होण्यासारखी नसेल तर आभार मानून फोन ठेवावा. ज्या घरात मनापासून नको आहे तिथे गळ घालून शिरलं तर पुढचे अकरा महिने कुत्र्यालाच ते भोगावे लागतात.

पालचा खंडोबा उंब्रजपासून जवळ. या भागात पुष्कळ घरांचं ते कुलदैवत आहे, आणि खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. त्यामुळे कुत्र्याला दगड मारणं इथल्या जुन्या माणसांना रुचत नाही, दारात आलेल्याला भाकरीचा तुकडा मिळतो. हा जिव्हाळा खरा आहे. पण तो दारातल्या कुत्र्यासाठी आहे. कुत्रं घरात झोपतं, सोफ्यावर बसतं, हे ऐकून त्याच आजी नाक मुरडतील. तेव्हा जिव्हाळ्यावर भिस्त ठेवून सवयींबद्दल बोलायचं टाळू नये.

मालक भेटायला या म्हणाले तर पहिल्या भेटीला कुत्रं नेऊ नये. आपण जावं, घर बघावं, घरातल्या सगळ्यांशी बोलावं. निर्णय काका सांगतात, पण घेतात बहुतेक वेळा घरातल्या काकू किंवा आजी. झाडलोट त्या करतात, दिवसभर घरी त्याच असतात. त्यांना विचारावं, "मावशी, तुम्हाला कुत्र्याची भीती वाटते का?" घरात तान्हं मूल आहे का, कोंबड्या मोकळ्या असतात का, मांजर आहे का, त्यांचं स्वतःचं कुत्रं आहे का, गोठा आहे का, हे सगळं कळून घ्यावं. कोंबड्या मोकळ्या असतील आणि आपलं कुत्रं पाखरामागे धावणारं असेल तर प्रामाणिकपणे सांगून तिथेच थांबावं. दोन कोंबड्या मेल्या की घरही जातं आणि गावात नावही.

दुसऱ्या भेटीला कुत्रं न्यावं. आदल्या दिवशी आंघोळ, गोचीड-पिसवांचं औषध, नखं कापलेली, गळ्यात पट्टा. नेण्याआधी दोन-तीन किलोमीटर चालवावं म्हणजे ते दमून शांत बसेल. भेट दारातच, दहा-पंधरा मिनिटांची. मुलांना लगेच हात लावायला सांगू नये. कुत्र्याला आधी वास घेऊ द्यावा. तेव्हाच लसीकरणाचं कार्ड आजींच्या हातात द्यावं. त्या वाचतील न वाचतील, पण शिक्का बघतात. मोठ्या जातीचं कुत्रं असेल, जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर, तर माणसं आकारालाच घाबरतात. अशा वेळी 'बस' म्हटल्यावर बसणं आणि बोलावल्यावर येणं एवढं जरी दाखवता आलं तरी फार फरक पडतो.

मांजर असेल तर हे सगळं बरंच सोपं. जाळीची खिडकी आणि मातीचा टोपला एवढी सोय दाखवली की बहुतेक मालक हरकत घेत नाहीत. पिंजऱ्यातला पोपट मात्र नव्या घरी नेऊच नये. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि त्यावर कारवाई होते.

आता सोसायटीचा प्रश्न, कराड-मलकापूरला फ्लॅट घेणाऱ्यांसाठी. भारतीय प्राणी कल्याण मंडळ म्हणजे प्राण्यांच्या कल्याणासाठी १९६० च्या कायद्याने केंद्र सरकारने नेमलेलं मंडळ. त्याच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवासी संघटना किंवा सोसायटी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही. जात किंवा आकार बघून मनाई करता येत नाही, लिफ्ट वापरायला बंदी करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये असे बंदीचे नियम टिकत नाहीत असा निकाल दिला.

याचा लोक एक चुकीचा अर्थ काढतात. या सूचना सोसायटीला लागू आहेत. घरमालकाने आपल्या घरात कुणाला ठेवावं हे त्यातून ठरत नाही. मालक 'कुत्रं नको' म्हणाला तर त्याला या सूचना दाखवून उपयोग नाही. मालकाचा होकार असेल आणि सोसायटीचा सचिव अडवत असेल, तेव्हा त्या कामाला येतात. तेव्हाही आधी जाऊन भेटावं, घाण उचलू, जिन्यात पट्टा लावू, असं सांगावं, आणि मग कागद पुढे करावा.

होकार मिळाला की पैशाचं आणि कराराचं बोलणं. अनामत, म्हणजे आपण डिपॉझिट म्हणतो ती रक्कम, कुत्र्यामुळे मालक थोडी जास्त मागू शकतात. एखाद्या महिन्याचं भाडं जास्त मागितलं तर ते समजण्यासारखं आहे, दारं-खिडक्या ओरबाडल्या जातात. पण ती परत मिळणारी असावी. 'कुत्र्याचे म्हणून' दर महिन्याला वेगळे पैसे मागितले तर नम्रपणे नकार द्यावा आणि अनामत वाढवून देतो म्हणावं.

उंब्रजसारख्या गावात करार तोंडी करण्याची पद्धत अजून आहे, किंवा मुद्रांकावर लिहून नोटरी केली की झालं असं समजतात. ते पुरेसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करणं ही जबाबदारी मालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्यात आहे. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. हे मालकाला शांतपणे सांगितलं की ते स्वतःच नोंदणीला तयार होतात.

यातला नेहमीचा प्रकार लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा परवाना. मालक म्हणजे लायसेन्सर, आपण लायसेन्सी. बहुतेक जण अकरा महिन्यांचा करतात. नोंदणी ऑनलाइन होते. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा लागतो. हे काम करून देणारे लोक कराडला आहेत आणि ते यंत्र घेऊन घरीही येतात.

खर्चाला लोक उगाच घाबरतात. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचं भाडं आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का. समजा भाडं ६,००० आणि अनामत ३०,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं ६६,०००, अनामतीचं व्याज सुमारे ३,०००, मिळून ६९,०००. त्यावर पाव टक्का म्हणजे दोनशे रुपयांच्या आत-बाहेर. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये. वर करून देणाऱ्याची मजुरी. हा खर्च निम्मा-निम्मा करावा असं मालकाला सुचवावं.

आता सगळ्यांत महत्त्वाची ओळ. छापील करारात बहुधा एक कलम आधीच असतं, 'लायसेन्सी यांनी जागेत कोणतेही पाळीव प्राणी ठेवू नयेत.' टाइप करणारा जुनाच मजकूर घेतो, मालक वाचत नाही, आपण वाचत नाही, आणि अंगठा लागतो. पुढे वाद झाला की तेच कलम आपल्यावर येतं, मालक तोंडी 'चालतंय' म्हणाले होते हे सिद्ध करता येत नाही. म्हणून मसुदा आदल्या दिवशी मागून घ्यावा, ते कलम काढायला लावावं आणि त्याजागी असं काही लिहावं:

'लायसेन्सी यांच्यासोबत एक पाळीव कुत्री (तांबडा रंग, वय तीन वर्षे, लसीकरण झालेली) सदर जागेत राहील, यास लायसेन्सर यांची संमती आहे. तिच्यामुळे जागेचे काही नुकसान झाल्यास ते लायसेन्सी भरून देतील. सामाईक जागेत ती पट्ट्याने बांधलेली राहील व तेथील स्वच्छता लायसेन्सी करतील. याबाबत तक्रार आल्यास लायसेन्सर लेखी कळवतील व लायसेन्सी यांना ती दूर करण्यास पंधरा दिवस देतील.'

शेवटचं वाक्य गाळू नये. मालकाच्या पाहुण्याने एकदा नाक मुरडलं म्हणून लगेच घर सोडायला सांगितलं जाऊ नये, यासाठी ते आहे. करार करताना भिंती, दारं, फरशी यांचे फोटो काढून दोघांच्या मोबाइलवर ठेवावेत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. ते काम मालकाचं, पण आधार कार्ड, फोटो आणि कराराची प्रत आपण स्वतःहून देऊन ते करून घ्यावं.

राहायला गेल्यावर पहिला महिना कसोटीचा. शक्य असेल तर सुट्टीला जोडून जावं, म्हणजे दोन-चार दिवस कुत्र्यापाशी राहता येईल. जुनं अंथरूण न धुता तसंच न्यावं, त्याला ओळखीचा वास मिळतो. फिरवायच्या वेळा ठरवाव्यात आणि लोकांची वर्दळ नसताना न्यावं. पिशवी खिशात असू द्यावी. शेतकडेला नेलं तरी मालकाच्या वाफ्यात, वैरणीत घाण होऊ देऊ नये. उसाच्या बांधावरून जाताना पट्टा सोडू नये. तोडीच्या दिवसांत घोणस, नाग बाहेर पडलेले असतात आणि कुत्रं आधी नाक घालतं.

शेजाऱ्यांना स्वतः जाऊन भेटावं आणि आपला फोन नंबर द्यावा. "आम्ही नसताना भुंकलं तर आम्हाला फोन करा," एवढं म्हटलं की तक्रार मालकाकडे न जाता आपल्याकडे येते. फरक मोठा आहे. गणपतीच्या मिरवणुकीत आणि दिवाळीत फटाक्यांनी कुत्री सैरभैर होतात, दोर तोडून पळतात. त्या रात्री आतल्या खोलीत, खिडक्या लावून, सोबत बसावं. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला मोबाइल क्रमांक कोरलेला बिल्ला कायम असावा.

तरीही काही बिघडलंच तर? कुत्रं कुणाला चावलं, अगदी ओरखडा जरी आला, तरी 'लस झालेली आहे, काही होत नाही' असं म्हणून उडवून लावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्या माणसाला आपणच सरकारी दवाखान्यात न्यावं, तिथे रेबीजची लस मिळते, आणि डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना सोबत जावं. खर्च आपण करावा. गावात यानंतर लोक आपल्याबद्दल काय बोलतील ते या चार दिवसांत ठरतं.

मालकाचं मन फिरलं आणि 'आता कुत्रं नको' असं आलं, तर आधी कारण विचारावं. बहुतेक वेळा ते एखादी छोटी गोष्ट असते: वाळत घातलेलं धुणं ओढलं, पहाटे भुंकलं, पाहुण्यांच्या मुलावर धावून गेलं. कारण कळलं तर उपाय होतो. नाहीच जमलं तर करारातल्या मुदतीप्रमाणे सूचना देऊन दुसरं घर बघावं. कुत्रं महामार्गावर किंवा कुणाच्या मळ्यात सोडून देणं हा उपाय नाही. पाळलेलं जनावर असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि घरात वाढलेलं कुत्रं रस्त्यावर फार दिवस जगत नाही. तात्पुरती सोय हवी असेल तर दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारावं, गावाकडच्या नातेवाइकांना सांगावं, पण त्याला माहीत असलेल्या माणसाकडेच ठेवावं.

घर सोडताना ओरबाडलेलं दार रंगवून द्यावं, फरशी फिनेलने धुवावी, सुरुवातीचे फोटो आणि आताची खोली मालकाबरोबर उभं राहून ताडून बघावी आणि अनामत तिथेच मागावी. संबंध चांगले राहिले असतील तर मालकांकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात, की हे कुटुंब इतके महिने कुत्र्यासह राहिलं आणि काही त्रास झाला नाही. खाली त्यांची सही आणि फोन क्रमांक. पुढच्या गावात, पुढच्या मालकाच्या हातात लसीकरणाच्या कार्डाबरोबर हाही कागद द्यायचा.